पकड कुणाची, बॅनर कुणाचा?

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचं वेळापत्रक लागण्याआधीच उरणच्या नाक्यावर कॉलेजचा संघ जाहीर झालेला असतो. या संघात सातही जण चढाईवाले असतात. पकड कोण करणार, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ती काय, होते आपोआप."

आपोआप होतो तो लोण, म्हणजे सगळा संघ बाद. आणि तो आपल्यावर होतो.

चढाईवाल्याला तीस सेकंद मिळतात आणि त्या तीस सेकंदांत सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. मोबाइल त्याच्याकडे, शिट्ट्या त्याला, बॅनरवरचा गॉगल त्याच्या डोळ्यांवर. पकड करणारा मात्र फोटोत असतो तो पालथा, कुणाच्या तरी घोट्याला बिलगलेला, तोंड मातीत. असल्या फोटोवर "भावी आमदार" कसं छापणार?

आता जरा हिशेब. पकडीला गुण एकच. पण त्या एका गुणात समोरचा हुकमी गडी बाहेर जाऊन बसतो आणि आपला बाद झालेला एक आत येतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिला एक गुण जादा. म्हणजे संघ जेव्हा मरायला टेकलेला असतो, तेव्हाच बचाव सगळ्यात महाग विकला जातो. ही गोष्ट प्रो कबड्डीच्या मालकांना कळली. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून करंडक घेतला. त्या हंगामात पकडींत सगळ्यांच्या पुढे होता पलटणचा इराणी गडी मोहम्मदरझा शादलू. हरलेल्या हरियाणानं रडगाणं गायलं नाही. पुढच्या लिलावात २ कोटी ७ लाख मोजून शादलूलाच उचललं आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातच बालेवाडीत करंडकही उचलला. गडी जिकडे गेला, कप तिकडे गेला. नाक्यावर ही बातमी अजून पोचलेली नाही.

तर या हंगामात उरणच्या कुठल्याही कॉलेजचं, फुंड्याच्या वीर वाजेकरचं असो की शहरातल्या कॉलेजचं, नशीब चार जागांवर टांगलेलं आहे.

पहिला, डावा कोपरा. काम घोट्याचं. समोरचा बोनस रेषेकडे पाय टाकतो, तो पाय परत निघायच्या आत धरायचा. यासाठी लागतो धीर, आणि धीर उरणमध्ये फक्त करळ फाट्यावर ट्रेलरमागे अडकलेल्या माणसाकडे असतो. आपला डावा कोपरा नेमका त्याच रांगेतून सरावाला येतो. रात्री सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, कंटेनर मोजतो, सकाळी घोटे धरतो. मधल्या वेळेत कॉलेजच्या हजेरीपटावर गैरहजर असतो.

दुसरा, उजवा कोपरा. यानं टीव्हीवरचे सगळे हंगाम पाहिलेत. त्यामुळे पकड करायच्या आधीच तो मांडीवर थाप मारतो. त्याची झेप बघण्यासारखी असते, फक्त अर्धा सेकंद लवकर असते. चढाईवाला स्पर्श करून मध्यरेषेवर पोचतो तेव्हा हा अजून थाप मारत असतो. प्रशिक्षकांनी त्याला एवढंच शिकवलं तरी दोन सामने निघतील: आधी पकड, मग मांडी.

तिसरा आणि चौथा, दोन मध्यरक्षक. कोपऱ्यानं पाय धरला की यांनी वरून रेटायचं, नाहीतर छाती देऊन अडवायचं, नाहीतर धडक मारून रेषेबाहेर फेकायचं. कोपऱ्याचा खांदा हलला की मध्यरक्षकाचा पाय निघाला पाहिजे, विचारायला वेळ नाही. आणि इथेच उरणची खरी मेख आहे. कोपरा एका गावच्या मंडळाचा, मध्यरक्षक शेजारच्या गावच्या मंडळाचा. रविवारी रात्री प्रकाशझोतात दोघं एकमेकांचे कपडे फाडतात, सोमवारी सकाळी कॉलेजच्या बनियनमध्ये एकमेकांना आधार द्यायचा असतो. मध्यरक्षक पोचतो, पण रविवारचा हिशेब मनात करून पोचतो. तेवढ्यात पाय सुटतो.

या चौघांचा सगळ्यात दांडगा प्रतिस्पर्धी मात्र दुसऱ्या कॉलेजात नाही. त्याचं नाव एटीकेटी, म्हणजे मागे राहिलेल्या विषयांचे पेपर. सामना आणि पेपर एकाच दिवशी आले की भलेभले कोपरे निदान रेषेच्या आतच गार होतात. घोटा पकड कुणाची सुटेल, विद्यापीठाची सुटत नाही.

खरं तर उरणकराला बचाव शिकवायला नको. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं तिच्या नकाशात गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात शेतकरी जमिनीसाठी हातात हात घालून उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पदरात पडलं. एवढी मोठी साखळी पकड या तालुक्यानं केलेली आहे. त्याच तालुक्यातल्या पोरांना आज चढाईचंच वेड लागावं, याला काय म्हणावं?

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. तेव्हा वाटलं होतं, आता मुंबईहून चांगले गडी शोधणारे येतील. आले ते प्लॉट शोधणारे. सरावाचं मैदान बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रस्ता किती फुटी?

गावोगावच्या स्पर्धांतही चढाईचंच वेड. उत्कृष्ट पकडीला बक्षीस असतं, नाही असं नाही. पण मोटारसायकल ठेवलेली असली की ती बहुधा चढाईवाल्याच्या दारात जाते आणि पकडवाल्याला मिळतो चषक, तोही मान्यवरांची भाषणं संपल्यावर, निम्मी माणसं घरी गेल्यावर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला संघ जिंकावा लागतो आणि संघ जिंकायला कुणीतरी मातीत तोंड घालावं लागतं. हा क्रम बॅनर छापणाऱ्यांना ठाऊक नसला तरी आईबापांना ठाऊक असायला हरकत नाही.

म्हणून आयोजकांना एक विनंती आणि प्राचार्यांना एक सल्ला. आयोजकांनी यंदा मोटारसायकलची चावी उत्कृष्ट पकडीला द्यावी. आणि ज्या कॉलेजला करंडक हवा आहे, त्यानं नवा चढाईवाला शोधण्याआधी डाव्या कोपऱ्याची एटीकेटी सोडवावी.