सम्राटाच्या वाड्यात उतरताना: नवशिक्यांसाठी

क्रोएशियातल्या स्प्लिटला हॉटेल ठरवताना 'राजवाडा किती लांब?' असं विचारू नका. राजवाड्यातच खोली घ्या. रोमन सम्राट डायोक्लेशियन इ.स. 305 मध्ये आपणहून गादी सोडून इथे राहायला आला आणि भाजीपाला लावत बसला. सुमारे 215 बाय 180 मीटरच्या त्या वाड्यात आज दुकानं आहेत, खाणावळी आहेत, दोरीवर वाळणारे कपडे आहेत आणि तुमची खोलीही आहे.

पहिली परीक्षा बॅगेची. टॅक्सी तटाबाहेरच सोडते. आतली फरसबंदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली, त्यामुळे पावसात चप्पल नको. ज्युपिटरच्या देवळाजवळच्या एका बोळाचं नावच 'मला जाऊ दे'. तिथे बॅग आडवी धरू नये. लिफ्ट नाही म्हणून काउंटरवर हुज्जतही घालू नये; वाडा 1979 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि ती यादी लिफ्टच्या बाजूची नाही. चौकाकडची खिडकी मागितलीत, तर कॅथेड्रलच्या घंटा भाड्यात धरलेल्या आहेत असं समजा.

हे कॅथेड्रल मात्र नीट बघा. अष्टकोनी इमारत मुळात डायोक्लेशियनची समाधी. त्याने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, त्यात शेजारच्या सलोनाचा बिशप दोम्नियस 304 साली मारला गेला. पुढे सम्राटाची शवपेटी गायब झाली आणि त्याच्याच समाधीत दोम्नियसची पूजा सुरू झाली. इतका सावकाश उगवलेला सूड दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. घुमटाखालच्या कोरीव पट्टीत दोन चेहरे शोधा: सम्राट आणि राणी प्रिस्का यांचे, असं मानतात. म्हणजे जुने घरमालक वरून सगळं बघताहेत. दाराबाहेर इजिप्तहून आणलेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसलाय. त्याच्यावर बसून फोटो काढू नये, हे सांगावं लागतं.

सुवर्णद्वाराबाहेर इव्हान मेश्त्रोविचने घडवलेला बिशप ग्रगुरचा अवाढव्य पुतळा आहे. त्याच्या पायाचा अंगठा घासला की नशीब उघडतं म्हणे. अंगठा लखलखीत झालाय, नशिबांचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. घासा आणि बाजूला व्हा, मागे रांग असते.

उरला समुद्र. कांस्यद्वारातून बाहेर पडलात की रिवा, म्हणजे ताडांच्या झाडांचा किनाररस्ता. एक कॉफी मागवून तास काढणं इथे शिष्टसंमत आहे. फक्त सावलीतली खुर्ची सकाळीच पकडा. क्रूझ जहाजं रिकामी झाली की उन्हातलीही मिळत नाही.