पहिली धुलाई कोणी केली?

नव्या हुडीच्या आत लेबल असतं. गार पाण्यात धुवा, उलटी करून वाळवा, ब्लीच वापरू नका. दुकानात येण्याआधी ती कशी धुतली, याबद्दल त्यावर अवाक्षर नसतं. स्ट्रीटवेअरचं रूप मात्र त्या पहिल्या धुलाईतच घडतं.

इटलीतल्या बोलोन्याच्या मास्सिमो ओस्ती या डिझायनरने हे 1970च्या दशकातच ओळखलं. तो पांढरा कपडा आधी शिवून घ्यायचा आणि मग अख्खा रंगात घालायचा. सूत रंग एका तऱ्हेने पितं, नायलॉन दुसऱ्या तऱ्हेने आणि पॉलिएस्टरचा दोरा जवळजवळ पीतच नाही. त्यामुळे एकाच जाकिटावर रंगाच्या छटा उमटतात. कपडा आटणार म्हणून कटिंगच मोठं करावं लागतं. 1982 मध्ये त्याचा स्टोन आयलंड हा ब्रँड सुरू झाला तोही ताडपत्रीसारखं ताठर कापड धुऊन धुऊन मऊ करूनच. इंग्लंडमधल्या फुटबॉलवेड्या पोरांनी ही जाकिटं डोक्यावर घेतली. ही अस्सल कारागिरी आहे आणि तिला दाद द्यायलाच हवी.

पण कपडे धुऊन विटवण्याच्या याच धंद्याने माणसंही मारली. जीन्सच्या धाग्यात नीळ वरवरच बसते, गाभा पांढरा राहतो. वरचा थर खरवडला की मांडीवर हवा तिथे विटका पट्टा येतो. त्यासाठी तुर्कस्तानात कोंदट खोल्यांमधून कॉम्प्रेसरने वाळूचा मारा चाले. खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस तिथे विशीतल्या मुलांना झाला. फुप्फुसांच्या या आजारावर इलाज नाही. डॉक्टर आणि कामगारांनी आवाज उठवला तेव्हा कुठे 2009 मध्ये तिथे बंदी आली.

आपल्याकडे फुप्फुसांऐवजी नद्यांनी किंमत मोजली. तिरुपूरच्या रंगाईने नोय्यल इतकी नासली की 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचं पाणी वालधुनीत उतरलं. तिच्या काठावर राहणाऱ्यांना तो वास सांगावा लागत नाही.

आज लेझरने जीन्स विटवता येते, ओझोनने कमी पाण्यात रंग उतरवता येतो, जीन्स दगडांनी घासण्याचं काम एन्झाइम करतं. रंगाचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. ‘दुसरा मार्गच नव्हता’ असं म्हणायची सोय आता कोणत्याही ब्रँडला उरलेली नाही. विटकेपणाचे जास्त पैसे घेणाऱ्याने तो कसा आणला, हे छापलंच पाहिजे.

तो छापत नाही तोवर आपण विचारू. ही जीन्स कशाने विटवली? रंगाचं पाणी कुठे सोडलं? धुलाई कोणत्या गावात झाली? हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. उत्तर मिळत नसेल, तर तो कपडा घेऊ नका.