प्रतिपदेला अलिबाग

करंजाडेतल्या सोसायटीत सहल ठरते ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयापाशी उभं राहून. रविवारी संकष्टी नाही ना, एकादशी नाही ना, श्रावण लागला नाही ना, एवढं बोट फिरवून बघितलं की अलिबाग पक्कं. त्याच चौकटीत तिथीही छापलेली असते. पण मासे चालतात म्हटल्यावर तिथीला कोण विचारतो?

समुद्र विचारतो. कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे बाराला ओहोटी. कुलाबा किल्ल्यात पायी नाहीतर टांग्याने जायला याहून उत्तम मुहूर्त नाही. प्रतिपदेला मात्र भरती दुपारी पाऊणच्या आसपास. आणि प्रतिपदेच्या रविवारी, दुपारी साडेबाराला, तीन गाड्या भरून करंजाडेकर अलिबागच्या किनाऱ्यावर हजर.

तसं सहाला निघायचं ठरलं होतं. टँकर उशिरा आला, कुणाचा पॉवर बँक सापडेना, निघेपर्यंत साडेआठ. इतिहास पाहायला निघालेल्या या ताफ्याने पळस्पे फाट्यानंतर शिरढोण ताशी ऐंशीच्या वेगाने मागे टाकलं. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथेच जन्मले, पण इथे वडापाव प्रसिद्ध नाही. गाड्या थांबल्या त्या कर्नाळ्याच्या पुढे, चहाला. मग पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ‘आता पंधरा मिनिटं’ म्हणत होतं.

शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला किल्ला समोर पाण्यात उभा, आणि मंडळी वाळूत. लगेच चौकशी समिती बसली. ‘वेळ कुणी बघितली होती?’ अध्यक्षांनी खजिनदाराकडे पाहिलं, खजिनदारांनी टँकरचं नाव घेतलं. कुलाब्याहून हात हलवत परतताना आपल्याच माणसांवर खेकसण्याची परंपरा मात्र जुनी आहे. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले आणि सपाटून आपटले. इंग्रजांचा कमोडोर मॅथ्यूज इतका भडकला, की त्याने आपली काठी दोस्त पोर्तुगीज सेनापतीच्याच तोंडात खुपसली, असं त्या मोहिमेत असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने लिहून ठेवलंय. करंजाडेची समिती त्या मानाने सभ्य. तिने फक्त ग्रुप सोडण्याची धमकी दिली.

कान्होजींची समाधी गावातच आहे. तिला भरतीची अडचण नाही. कुणी गेलं नाही.

चुंबकीय वेधशाळेचीही तीच गत. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिचकणार हे उघड होतं. म्हणून १९०४ साली या सुयांचं काम अलिबागला हलवलं, तेही लोखंड टाळून दगडात बांधलेल्या इमारतीत. मुंबईच्या त्रासापासून लांब, शांत जागा म्हणून! आता दर शनिवारी ती मुंबई काही टन लोखंडात बसून मागे येते आणि रस्त्यात हॉर्न वाजवते. शनिवारचं म्हणाल, तर सुट्टीचा मूळ हक्क अलिबागचाच. या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जात. आयटीवाल्यांनी वीकेंडचा शोध फार नंतर लावला. इस्रायल आळीत त्यांचं सिनेगॉग आजही आहे. मंडळींनी त्या परिसरात नेटाने शोधलं ते पार्किंग.

जेवण मात्र मन लावून झालं. वेटरने आधी जिताडा सुचवला. रायगडात जावयासाठी, साहेबांसाठी राखून ठेवायचा हा मासा. ‘बोनलेस मिळेल?’ असा प्रश्न आला, तेव्हा त्याने अनुभवी चेहऱ्याने विषय सुरमईकडे वळवला. पोपटीची फर्माईशही झाली. वालाच्या शेंगा नाहीत, भांबुर्ड्याचा पाला नाही, थंडी नाही. पण यूट्यूबवर बघितली होती, म्हणजे मिळायलाच हवी. पोरांनी गोबी मंचुरियन मागवलं आणि तेवढं मात्र लगेच आलं. तांदळाच्या भाकरीचे फोटो निघेपर्यंत भाकरी वातड झाली. सोलकढी ‘अनलिमिटेड’ आहे का, हे तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, हे खजिनदारांनी मोबाइलवर वाचून दाखवलं आणि मग त्याच दमात वीस रुपये कमी करायला सांगितले. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘दादा, हॉटेलात पण असाच भाव केलात का?’ माळ पूर्ण भावाने घेतली गेली.

रात्री ग्रुपवर चौऱ्याऐंशी फोटो आले. किल्ला सगळ्यांत होता, पाण्यापलीकडे, कुणाच्या ना कुणाच्या कानामागे. खाली अध्यक्षांची सूचना: पुढच्या महिन्यात मुरुड-जंजिरा, बोटवाल्याशी आधी बोलून ठेवावे, एकादशी तपासली आहे.