जावई, सायकल आणि खारे वारे

डहाणू-तलासरी भागातून सगळं जग जातं, पण उत्तर-दक्षिण. पश्चिम रेल्वे तशी जाते, अहमदाबाद महामार्ग तसाच जातो, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग तसाच, वडोदऱ्याचा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांची आखणीही तशीच. मुंबईला गुजरातेत जायची घाई, गुजरातला मुंबईत यायची घाई. मध्ये कुणी राहतं का, याची चौकशी करायला दोघांनाही सवड नाही. पाण्याला मात्र या घाईची खबर लागलेली नाही. तलासरीची वारोळी नदी असो की कोसबाडच्या टेकडीवरून पावसापुरता उड्या मारणारा ओढा, इथलं पाणी पूर्वेकडून निघून निवांत पश्चिमेला समुद्रावर येतं. तेव्हा ज्याला मोटारींपासून सुटका हवी, त्यानं पाण्याच्या वाटेनं सायकल घालावी. महामार्ग फक्त ओलांडायचा, त्याच्या संगतीला लागायचं नाही. हा माझा शोध आहे. त्याचा गाजावाजा केलेला नाही, कारण सासूबाईंचा विरोध आहे.

सासुरवाडी घोलवडची. छोटीशी चिकूची वाडी, मागे विहीर, पुढे ओटा. त्या ओट्यावर मी पहिल्यांदा सायकल टेकवली तेव्हा सासूबाईंनी आधी सायकलकडे, मग माझ्या अर्ध्या चड्डीकडे आणि शेवटी आपल्या मुलीकडे पाहिलं.

"गाडी बिघडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, गाडी ठीक आहे."

"मग विकलीत?"

सासऱ्यांचं दुःख निराळं होतं. "जावईबापू, लग्नात सायकल मागितली असतीत तर देऊन टाकली असती. तेव्हा स्वस्त होत्या." सासरे बोलतात कमी, पण बोलले की ते शब्द माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही घरांत वर्षभर फिरतात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "चिकूला मिळालं. जावयांचं काय ते बघू."

या सगळ्याला कारण माझा भाचा. तो जर्मनीत असतो आणि सुट्टीत डॅन्यूबच्या काठानं सायकल चालवतो. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर, बहुतेक वाट मोटारींपासून वेगळी. तिकडची माणसं हुशार. नदीबरोबर सायकल हाकतात, म्हणजे उतार आपोआप मिळतो, आणि तिकडे वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. स्पेनमध्ये तर १९९३पासून बंद पडलेल्या लोहमार्गांवरचे रूळ काढून त्यांच्या सायकलवाटा केल्या आहेत. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे त्या वाटांवर आजी-आजोबासुद्धा धाप न लागता जातात. इथं मात्र विरारहून डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, आणि ती बंद पडायची वाट पाहत कुणी पुलावर सायकल घेऊन उभा राहिला, तर सकाळच्या गाडीचे प्रवासी त्यालाच आधी बंद पाडतील.

भाच्याचं गणित मी घोलवडला लावून पाहिलं. शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात ना? रात्री जमीन लवकर थंड होते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते, वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. परीक्षेत दोन गुणांना विचारत. आता बघा. स्टेशन, सासुरवाडी आणि चहा हे तिन्ही समुद्राच्या बाजूला. म्हणजे सकाळी निघायचं ते पूर्वेला, डोंगराकडे, चढावर, आणि मतलई वारा तोंडावर. दुपारी परतायचं ते पश्चिमेला, उतारावर. पण तेवढ्यात खारा वारा सुटलेला असतो आणि तोही तोंडावरच. निसर्गानं इतक्या काटेकोरपणे एका माणसाची अडवणूक केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. उतारावर पायडल मारावं लागणारा मी एकटाच सायकलस्वार असेन.

पण वाट सुरेख आहे, हे कबूल केलंच पाहिजे. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि मोठ्या कारखान्यांना वेसण बसली. त्या अधिसूचनेवर तेव्हापासून आजतागायत भांडणं चालू आहेत. त्यात मी पडत नाही, मला एवढंच दिसतं की आतल्या रस्त्यांना अजून ट्रकची सवय लागलेली नाही. वाड्या मागे पडल्या की ताडाची झाडं लागतात, त्यांना टांगलेली मडकी लागतात, मग भाताची खाचरं, कुडाची घरं, आणि मग कोसबाडचा चढ.

या टेकडीचं नाव शिकल्यासवरल्या मराठी माणसाला ठाऊक असतं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांमुळे. १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम त्यांनी पुढे या टेकडीवर आणलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. अनुताईंच्या आत्मचरित्राचं नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून'. मी आत्मचरित्र लिहिलं, तर त्याचं नाव 'कोसबाडच्या टेकडीच्या अलीकडे' असं ठेवावं लागेल. कारण एकवीस गियर संपवून, पहिल्यावर आणून, नाकानं आणि तोंडानं एकदम श्वास घेत मी त्या चढाला लागलो असताना मला एका पोरानं मागे टाकलं. त्याच्याकडेही सायकल होती, म्हणजे सायकलचं एक टायर होतं. त्याला तो काठीनं हाणत होता, पायात चप्पल नव्हती, आणि वर पोहोचल्यावर तो टायर हातात धरून माझी वाट बघत उभा राहिला. मी पोहोचल्यावर त्यानं माझी दोन्ही टायरं नीट निरखली. त्याच्या हिशेबानं एक जास्तीचं होतं.

मोटारी नसल्या की रस्ता रिकामा असतो, अशी शहरातल्या माणसाची समजूत. इथं मोटार नसते तेवढीच. बाकी सगळं असतं. कोंबड्या असतात, आणि कोंबडी नेमकी सायकल जवळ आल्यावरच घर बदलते. शेळ्या असतात. शाळेतून मिळालेल्या सायकलींवर डबल सीट जाणाऱ्या मुली असतात. त्या मला बघून हसतात आणि हसता हसता पुढे निघून जातात. सुके बोंबील घेऊन पाड्यापाड्यांवर फिरणारा माणूस असतो. त्याच्या कॅरिअरला जे ओझं असतं, तेवढ्यात मी बायको आणि मेहुणा दोघांना नेलं असतं. आणि सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेली आजीबाई असते. तिला उत्तर देणं हा या वाटेवरचा सगळ्यांत अवघड चढ.

"कुठं चालला?"

"अस्वालीला, धरणावर."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही."

"काय काम?"

"काम नाही. असंच."

मोळी डोक्यावर तशीच ठेवून तिनं माझं शिरस्त्राण, काळा चष्मा, बाटली आणि पाठीवरची सॅक ओळीनं पाहिली. एवढी तयारी करून माणूस कामाशिवाय निघतो, हे तिला पटेना. "घर कुठं?" तिनं विचारलं. मी घोलवड सांगितलं. तिचा चेहरा एकदम निवळला. मी आलो तीच वाट हातानं दाखवून ती म्हणाली, "मग चुकला तू. घोलवड तिकडं."

अस्वालीचं धरण लहानसं, डोंगराच्या कुशीतलं. त्याच डोंगरांत बहरोटच्या गुहा आहेत. संजाणवर आक्रमण झालं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथं नेऊन बारा वर्षं सांभाळला, अशी त्यांची परंपरा सांगते. शत्रूला पोहोचता येऊ नये म्हणून निवडलेल्या जागी सायकलनं जाता येत नाही, हे उघड आहे. मी खालूनच नमस्कार केला.

त्यापेक्षा कालवा बरा. सूर्या प्रकल्पाचे कालवे जिथं जिथं आहेत, तिथं त्यांच्या कडेला पाटबंधाऱ्यांच्या जीपसाठी मातीची वाट असते, आणि जीप क्वचितच येते. पाणी आपलं आपण वाहत राहावं म्हणून कालवा डोंगराच्या अंगानं जवळजवळ समपातळीत वळत वळत काढलेला. सायकलला याहून प्रेमाचा रस्ता कुणी बांधला नसेल. पण तिथंही मोकळीक नाहीच. पायऱ्यांवर बायका धुणं बडवत असतात, पोरं पाण्यात उड्या घेत असतात आणि वाटेवर गोधड्या वाळत घातलेल्या असतात. गोधडीवरून सायकल नेणं शक्य नसतं. उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि कडेकडेनं जायचं. मग बायकांतली एखादी विचारते, "दादा, ही सायकल माणसावर बसते का?"

पावसाळ्यात हा सगळा बेत बदलतो. फरशीवरून पाणी वाहायला लागलं की रस्त्यात नदी येते. उन्हाळ्यात उलट, नदीच्या कोरड्या पात्रातून जवळची वाट पडते. नदी आणि रस्ता सहा-सहा महिने जागा वाटून घेतात आणि कुणाची तक्रार नसते.

डहाणूकडे परतताना एका घराच्या भिंतीवर वारली चित्र दिसलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ही कला जगभर नेली; आता नव्या पोरांच्या चित्रांत तारपा वाजवणाऱ्याशेजारी आगगाडी आणि सायकलही येते. या चित्रात दोन वर्तुळं होती आणि वर सायकलस्वार, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. चित्र काढणारा तिथंच होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या बाबतीत त्या दोन त्रिकोणांच्या मधे आणखी एक वर्तुळ लागेल, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. तो भला माणूस, काही बोलला नाही.

आता डिसेंबरात भाचा येतोय, बरोबर त्याचा एक जर्मन मित्र. त्यांना डॅन्यूबसारखी नदीकाठची, डोंगरातली, एकही गाडी नसलेली वाट हवी आहे. मी कोसबाड, अस्वाली, पुढे तलासरीकडे वळून वारोळीवरचं कुर्झे धरण, असा बेत आखून दिला. सासऱ्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि परदेशी पाहुणा टायरवाल्या पोरापुढे कसा टिकेल, अशी काळजी व्यक्त केली. सासूबाई मात्र यंदा अजिबात रागावल्या नाहीत. त्यांनी शेजारच्याची इको सांगून ठेवली आहे. त्यात पाण्याचा पिंप, तांदळाच्या भाकऱ्या, चिकूची पेटी आणि दोन उशा. गाडी सायकलींच्या मागोमाग हळूहळू चालेल, आणि कोंबड्या वाटेत आल्या तर हॉर्न वाजवायचा असं ड्रायव्हरला बजावून सांगितलं आहे.