गाव सोडावं, ग्रुप सोडू नये

बाहेरगावी जाऊनही घरीच राहायचं, ही विद्या पूर्वी सिद्धपुरुषांनाच साधायची. कंबलपोष बाबांच्या आर्णीत सिद्धपुरुषांचं कुणाला अप्रूप नाही, पण आता ती विद्या इथल्या कुणालाही जमते, हे मात्र कौतुकाचं आहे. अट एकच, रिचार्ज संपलेला नसावा. तरीही काही जुनाट मंडळी ‘गेलात तिथं जरा डोळे उघडून बघा’ म्हणून कुरकुरत असतात. त्यांच्यासाठी हा खुलासा.

आमच्या ओळखीतले एक काकाजी दिवाळीच्या सुटीत घरच्यांना घेऊन सहस्रकुंडला गेले. समोर पैनगंगा काळ्या खडकांवरून धो धो कोसळत होती. काकाजी तिच्याकडे पाठ करून उभे होते, कारण तोंड फिरवलं की स्क्रीनवर ऊन यायचं. आर्णीच्या शेतात लाइन आली होती. त्यांनी पंपाला लावलेल्या मोबाइल ऑटोला कॉल लावून मोटर सुरू केली. इथपर्यंत मीही त्यांना मानतो. हरभऱ्याला पाणी मिळालं. पण खरी थोरवी पुढेच आहे. त्यांनी घराचा सीसीटीव्ही उघडला. फाटकासमोर एक कुत्रं झोपलं होतं. काकाजींनी ते मोठं करून पाहिलं. कुत्र्यानं कूस बदलली तेव्हा काकूंना, सुनेला, नातवांना हाक मारली, आणि अख्खं कुटुंब धबधब्याकडे पाठ करून आपल्याच दारातलं कुत्रं बघत राहिलं. मग ग्रुपवर विचारलं, ‘आज कापूस काय भाव?’ उत्तरादाखल तीन गुलाबाची फुलं आणि एक सुविचार आला. शेवटी सगळ्यांचा एक सेल्फी झाला. त्यात धबधबा मागं व्यवस्थित आलेला आहे, त्यामुळे तो बघायचा राहिला असं कुणाला म्हणता येणार नाही. घरी येऊन बघता येतो.

या बाबतीत आमचा तालुका तसा आधीपासूनच पुढं. मार्च २०१४ मध्ये तालुक्यातल्याच दाभडी गावात नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली. शेतकरी समोर बसले होते आणि देशातली बाकीची ठिकाणं पडद्यावरून जोडलेली होती. चहा दाभडीत आणि चर्चा देशभर, अशी ती सोय होती. समोर बसणाऱ्यांना जास्त कळलं की पडद्यावर बघणाऱ्यांना, याचा निकाल काही अजून लागलेला नाही.

पोळ्याला तर ही विद्या कळसाला पोचते. पुण्याला नोकरी करणारी पोरं रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून येतात. बैलांच्या शिंगांना रंग लागतो, बेगड चढतं, पाठीवर झूल पडते. आई ओवाळायला ताट घेऊन येते, आणि पोरगा म्हणतो, “आई, थांब, थोडी डावीकडं हो.” मागच्या खेपेला एका घरी लेन्सवर अंगठा आला म्हणून बैलाला दोनदा ओवाळावं लागलं. बैलाची तक्रार नव्हती, पुरणपोळीही दोनदा मिळाली. तोरणाखाली झडत्या सुरू झाल्या तेव्हा हातांचं एवढं रान उभं राहिलं, की म्हणणाऱ्याचं तोंड मागच्यांना पुढच्यांच्या स्क्रीनवरच दिसत होतं. पोळा फुटायच्या आत क्लिप पुण्याच्या मित्रांना गेली. ते मित्र त्या वेळी आपापल्या गावी, आपापल्या तोरणाखाली उभे राहून ही क्लिप बघत होते. म्हणजे आर्णीच्या पोळ्याला लातूरकर हजर, लातूरच्या पोळ्याला आर्णीकर. आर्णीच्या पोळ्याला आर्णीचं कोण होतं, असले खोचक प्रश्न विचारू नयेत. बैल होते.

पूर्वी माणूस गावाला गेला की खरोखरच जायचा. माहूरला गेलेला माणूस रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया असं सगळं करून परत येईपर्यंत घरच्यांना त्याचा पत्ता नसे. लांबच्या यात्रेला गेलेल्याचं ‘खुशाल पोचलो’ हे पोस्टकार्ड कधीकधी त्याच्यानंतर घरी येई. १९९५ मध्ये देशात मोबाइल आला तेव्हा तर इनकमिंगलाही पैसे पडत, त्यामुळे खुशालीसुद्धा जपून विचारली जायची. किती मुलूख या लोकांनी नाइलाजानं नुसत्या डोळ्यांनी बघितला असेल!

काही गावं मात्र अजून त्या काळात परत जायला धडपडतात. आमच्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. ठराव रास्तच आहे. अडचण एवढीच, की तोवर पोराला आजूबाजूला बघायची सवय लागते आणि अठरानंतर ती मोडायला आईबापांना स्वतःचं उदाहरण घालून द्यावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी भोंगाच बसवला. संध्याकाळी सातला वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांची तोंडं बघायची.

आर्णीत तसा भोंगा बसवायचा झालाच तर माझी एक सूचना आहे. वेळ आदल्या दिवशी सगळ्या ग्रुपवर टाकावी आणि भोंगा वाजल्यापासून पूर्ण दीड तास लाइव्ह दाखवावं, म्हणजे पुण्या-मुंबईच्या आर्णीकरांनाही मोबाइल बंद ठेवण्यात सहभागी होता येईल.