गर्दीचे गणपतराव

ऑगस्टातल्या त्या शनिवारी रात्री इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये सगळे मैदानाकडे तोंड करून बसलेले असतात. एक गृहस्थ तेवढे खुर्चीत अर्धे वळून मागे, वर आणि डावीकडच्या कोपऱ्यात बघत असतात. डोळ्यांना दुर्बीण, ओठ पुटपुटताहेत. नवख्याला वाटतं, नातवंड हरवलं बिचाऱ्यांचं. नातवंड शेजारीच नाचोज खात बसलेलं असतं. आजोबा रिकाम्या खुर्च्या मोजत असतात.

यांचं नाव बॉब असतं, जिम असतं, डेव्हही असतं. मी मनातल्या मनात सगळ्यांना गणपतरावच म्हणतो. गणतीचं खातं त्यांच्याकडे आहे.

ज्यांना हा मामला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत ड्रम कोअर म्हणून एक प्रकार आहे. पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली हवेत भिरकावून झेलणारं कलर गार्ड अशी दीडशेहून अधिक पोरं असतात, आणि वय फार तर बावीस. अकरा-बारा मिनिटं ही मंडळी फुटबॉलच्या मैदानावर पळत, उलटी चालत, गुडघ्यावर घसरत वाजवतात, आणि श्वास कुठून आणतात ते त्यांनाच ठाऊक. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगाव अशी पथकं काढली. पुढे पथकांनी आपली स्वतःची संस्था उभारली, ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय. १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या विद्यापीठाच्या गावी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाचं अनाहाइम किंग्समेन जिंकलं. नंतर ही जत्रा डेन्व्हर, माँट्रियल, मॅडिसन, बफेलो, ऑर्लँडो अशी फिरत राहिली, आणि २००९ पासून इंडियानापोलिसात स्थिरावली.

माझी भाची यातल्या एका पथकात मरिंबा वाजवते, म्हणून मी या जगात शिरलो. आमच्यासारख्या देशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘याचे कॉलेजला क्रेडिट मिळतात का?’ तो संपला की आपणही निमूट बनियनवर सनस्क्रीन सांडत पोरांच्या बाटल्या भरायला लागतो. गणपतरावांची ओळख अशाच एका बाटल्यांच्या रांगेत झाली.

त्यांची पद्धत शास्त्रीय आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका ब्लॉकमध्ये किती ओळी, एका ओळीत किती खुर्च्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. एक पथक बाहेर पडून दुसरं आत येईपर्यंतच्या वेळात ते एक ब्लॉक उरकतात. खिशात बोटाने दाबायचं टॅली काउंटर असतं, ज्याची टिकटिक मागच्या बाईंना स्नेअर ड्रमची वाटते. मोजणीचा सर्वोत्तम मुहूर्त म्हणजे राष्ट्रगीत. तेव्हा सगळे उभे असतात, कुणी हॉटडॉग आणायला गेलेला नसतो आणि कुणाच्या मागे कुणी लपत नाही. उजवा हात छातीवर, डावा खिशात. राष्ट्रगीत संपेपर्यंत खालचा मजला झालेला असतो.

‘किती?’ मी पहिल्या वर्षी भाबडेपणाने विचारलं.

‘कशातले?’ त्यांनी उलट विचारलं. ‘विकलेले, स्कॅन झालेले, की बूड टेकलेले?’

मग मला कळलं की प्रेक्षक तीन प्रकारचे असतात. तिकीट घेऊन न आलेले, तिकिटासह आलेले, आणि आत आल्यावर खुर्चीत बसलेले. चौथाही एक प्रकार आहे, ज्यावरून दरवर्षी मैत्र्या तुटतात. आधी हरलेल्या पथकांची पोरं आपापली जॅकेटं घालून वरच्या मजल्यावर येऊन बसतात. ही पोरं प्रेक्षक धरायची का? गणपतराव धरत नाहीत. आईबापही धरत नाहीत. अंतिम फेरीत बारा पथकं, पथकामागे दीडशे जरी धरले तरी अठराशे पोरं, म्हणजे छत्तीसशे आईबाप. ‘हे घरचे लोक. घरचे लोक म्हणजे गर्दी नव्हे.’ शिवाय आजी-आजोबा, मामा, आत्या. ‘तुम्हीही त्यातलेच,’ असं मला स्वच्छ सांगून त्यांनी माझ्या नावे एक आकडा वजा केला.

या खेळात बाकी सगळं काटेकोर मोजलं जातं. परीक्षक शंभरापैकी गुण देतात, आणि तेही दशांश चिन्हापुढच्या घरांपर्यंत. २०१४ साली ब्लू डेव्हिल्सना ९९.६५ मिळाले तेव्हा उरलेले ०.३५ कुणी आणि का कापले, याची चर्चा लोकांनी हिवाळाभर केली. १९९९ साली ब्लू डेव्हिल्स आणि सँटा क्लारा व्हँगार्ड बरोबरीत सुटले. दुसऱ्या वर्षी कॅडेट्स आणि कॅव्हेलिअर्स, तेही बरोबरीत. बाविशीच्या पोराच्या डाव्या पायाचा कोन ज्या खेळात मोजतात, तिथे माणसं किती आली हे मात्र ‘साधारण’ आणि ‘सुमारे’ या दोन शब्दांवर सोडून द्यायचं? गणपतरावांना हे सहन होत नाही. खरं सांगायचं तर त्यांचं हे म्हणणं मला पटतं.

त्यांचा जोडीदार म्हणजे दुसरे एक गणपतराव. पहिल्यांच्या मते गर्दी आटते आहे, यांच्या मते वाढते आहे. दोघेही एकाच पथकाचे, एकाच बसमधून हिंडलेले, एकमेकांना अरेतुरे करणारे. दोघांच्या समोर एकच स्टेडियम असतं. फुटबॉलला तिथे साधारण सदुसष्ट हजार माणूस बसतो. पण ड्रम कोअरचा सगळा खेळ एका बाजूला तोंड करून असतो. ड्रम मेजर तिकडे, कर्ण्यांची तोंडं तिकडे, परीक्षक तिकडे. पलीकडच्या बाजूला बसणाऱ्याला दीडशे पाठी दिसतात. त्यामुळे तिकडच्या खुर्च्यांना गिऱ्हाईक मुळातच कमी.

‘अरे, बघ जरा. अर्धं स्टेडियम ओस!’ पहिले.

‘ती बाजू मोजायचीच नसते. बसण्याजोग्या बाजूचं बोल. खचाखच आहे,’ दुसरे.

‘मॅडिसनला आपण वाजवायचो तेव्हा कुठे होती अशी बाजू?’

‘मॅडिसनलाही पाठीमागची बाजू होती, लेका. तू मैदानात होतास, तुला मागचं दिसत नव्हतं.’

इथे पहिले दुर्बीण काढून पुसतात. विषय मग तीन रात्रींच्या बेरजेवर जातो. गुरुवारी प्राथमिक, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम. तिन्ही रात्री आलेला माणूस एकदा मोजायचा की तीनदा? आशावादी गणपतराव तीनदा मोजतात. निराशावादी एकदाही नाखुशीनेच मोजतात.

गर्दी का आटली याची कारणं निराशावादी गणपतरावांकडे कालक्रमाने तयार असतात. २००० साली ‘जी’ सुरातल्या बिगुलांची सक्ती गेली आणि कोणत्याही सुरातली पितळी वाद्यं चालू लागली, तिथे पहिला घाव. २००४ साली मैदानात मायक्रोफोन आले, दुसरा. २००९ साली सिंथेसायझर आले आणि त्याच वर्षी स्पर्धा छपराखाली गेली, म्हणजे एका दगडात दोन. २००८ सालीच जायची होती, पण स्टेडियम वेळेत तयार झालं नाही म्हणून त्या वर्षीची फायनल ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठाच्या मैदानावर उघड्या आकाशाखाली झाली. गणपतरावांच्या मते बांधकाम रेंगाळणं हा नियतीचा इशारा होता आणि तो कुणी ऐकला नाही.

सिनेमागृहांतलं थेट प्रक्षेपण, घरबसल्या दिसणारं स्ट्रीमिंग, हॉटेलांचे दर, ही कारणंही त्यांना ठाऊक आहेत, पण ती ते भरभर उरकतात, कारण त्यात कुणाचा राग राग करता येत नाही. खरं मोठं कारण तर ते क्वचितच काढतात. पूर्वी पथक गावाचं असायचं. चर्चचं किंवा माजी सैनिकांच्या क्लबचं. चौकातला न्हावी आपल्या गल्लीतल्या पोराचं बिगुल ऐकायला यायचा. आज पथकाच्या नावात एक गाव असतं आणि पोरं टेक्सासपासून जपानपर्यंतची. फी काही हजार डॉलर. लहान गावांची शेकडो पथकं एकेक करत बंद पडली आणि त्यांच्याबरोबर न्हावीही घरी बसला. १९३४ साली न्यू जर्सीत सुरू झालेलं कॅडेट्ससारखं नामांकित पथकदेखील २०२४ साली बंद झालं. गणपतराव ज्या पथकाचं जॅकेट भर ऑगस्टातही अंगावर वागवतात, ते पथक तर त्याआधीच कधी तरी गेलं. तो विषय निघाला की ते टॅली काउंटर शून्यावर आणतात आणि पाणी प्यायला जातात.

मी एकदा त्यांच्या सगळ्या घसरणीच्या तारखा जमवून पाहिल्या. ड्रम कोअरमध्ये बावीस म्हणजे निवृत्तीचं वय, त्याला एज-आऊट म्हणतात. या वयात आपल्याकडे मुलगा नोकरीचा पहिला अर्ज करतो, आणि इथे तो हुंदके देत आपले बूट मैदानावर काढून ठेवतो. तर गणपतरावांच्या मते प्रेक्षकांची ओहोटी सुरू झाली ती नेमकी त्यांच्या एज-आऊटच्या पुढच्या उन्हाळ्यात. हे मी दहा वर्षांनी धाकट्या गणपतरावांनाही विचारून पाहिलं. त्यांचीही ओहोटी त्यांच्याच एज-आऊटपासून. समुद्र एकच, पण प्रत्येकाच्या पंचांगात भरती आपापल्या एकविसाव्या वर्षी. पुण्यात नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ‘आमच्या वेळी हाऊसफुल्लची पाटी उतरत नसे’ म्हणणारे काका आठवतात ना? त्यांना इथे सहज जागा मिळेल. जागा बऱ्याच रिकाम्या आहेत, असंही ते वर म्हणतील.

या जातीची एक घरबशी पोटजात आहे. हे गणपतराव बऱ्याच वर्षांत स्टेडियमकडे फिरकलेले नाहीत. सोफ्यावर बसून स्ट्रीमिंग लावायचं, कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की चित्र थांबवायचं, आणि पडद्याला नाक लावून रिकाम्या खुर्च्या मोजायच्या. मग ‘बघितलंस? पस्तीस यार्डाच्या वरचा ब्लॉक साफ मोकळा!’ असा मित्राला रात्री अकराला फोन. त्या मोकळ्या खुर्च्यांतली एक आपली आहे, हे त्यांच्या हिशेबात येत नाही.

२०२० साली साथीमुळे हंगामच रद्द झाला. एकही पथक नाही, एकही प्रेक्षक नाही. मला वाटलं, चला, या वर्षी तरी वाद मिटला. दोघेही गणपतराव फोनवर तास तास भांडले. प्रश्न असा होता की सरासरी काढताना त्या वर्षीचं शून्य धरायचं की वर्षच गाळायचं. निराशावाद्यांनी शून्य धरलं. पुढच्या वर्षी गुणांशिवाय नुसता सोहळा झाला, तेव्हा नवा प्रश्न आला. स्पर्धाच नव्हती तर आलेले लोक कशाचे प्रेक्षक?

एवढं सगळं मोजूनही सर्वांत मोठी गर्दी त्यांच्या वहीत येत नाही. ती असते बाहेर, पथकं सराव करतात त्या पार्किंग लॉटमध्ये. तिथे तिकीट नाही. डांबरावर पोरांची ड्रमलाइन अर्धवर्तुळात उभी राहते आणि तिच्याभोवती हातभर अंतरावर माणसांचं कडं पडतं. शाळकरी पोरं काड्या हातात घेऊन मांडीवर तोच ताल धरतात. एखादा बाप पोराला खांद्यावर घेतो. टेनर ड्रमवाल्याच्या मनगटावरची चिकटपट्टी सुटलेली, घाम कोपरावरून ठिबकतोय, आणि समोरचे दोनशे लोक जागचे हलत नाहीत. मी गणपतरावांना हाताला धरून तिथे नेलं. ते दहा मिनिटं गप्प उभे राहिले. मग म्हणाले, ‘हे फुकटे. धरता येत नाहीत.’

माझी भाची एकदा त्यांच्यासमोर बसली होती. तिने सरळच विचारलं, ‘आजोबा, तुम्ही आमचा शो बघता का हो?’ ती मरिंबा वाजवते, म्हणजे सगळ्यांत पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. तिला ते दिसले होते, पाठमोरे. गणपतराव चांगलेच गडबडले. ‘बघतो ना,’ म्हणाले. ‘तुझ्या पथकाच्या वेळी खालच्या मजल्यावर एकही माणूस उठून गेला नाही. फार चांगला आकडा आहे तो.’ पोरगी खूश झाली. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणालाच मिळालेलं नाही.

मीही त्यांना एक प्रश्न विचारून घेतला. ‘तुम्ही स्वतःला मोजलंत का?’

‘छे,’ ते म्हणाले. ‘मी पासावर आलोय. पासवाले धरत नाही.’

तेव्हा कुणाची मुलं-भाचरं तिकडे असतील आणि ऑगस्टात इंडियानापोलिसला जायचा योग असेल, तर जरूर जा. तिकीट वरच्या मजल्याचं, पन्नास यार्डाच्या रेषेजवळचं घ्या. मैदानावरच्या आकृत्या वरूनच नीट दिसतात आणि खालच्यापेक्षा पैसेही कमी पडतात. गुरुवारी लवकरच पोचा, लहान पथकं आधी वाजवतात आणि जीव तोडून वाजवतात. शेजारी दुर्बीणवाले गृहस्थ आले तर त्यांच्याशी बोला, पाणी द्या, १९७२ ची हकिगत विचारा. फक्त ‘आज गर्दी बरी आहे, नाही?’ एवढं वाक्य बोलू नका, नाहीतर शनिवारचा निकाल तुम्हाला दुसऱ्या दिवशी भाचीकडूनच कळेल.