झाकणाचे कर्दनकाळ मिस्त्रीसाहेब यांस

श्री. रा. रा. मिस्त्रीसाहेब,

लोहाऱ्याहून एका विज्ञानाच्या मास्तराचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही बसवलेलं झाकण अखेर निघालं. तीन दिवस लागले. अखंड निघालं नाही, अस्थी गोळा कराव्यात तसं तुकड्यातुकड्याने निघालं. पण निघालं. तुमच्या हातच्या कामाची मजबुती गावाला कळावी म्हणून हे पत्र उघडंच लिहितो आहे.

तुमच्याकडे रोज दहा गाड्या येतात, माझी कुठली आठवणार? डिझेलची, पांढरी, मागच्या काचेवर शाळेचा स्टिकर असलेली. महामार्गाकडेच्या तुमच्या शेडात मी ऑइल आणि फिल्टर बदलायला आलो होतो. तुम्ही नवा कागदी फिल्टर घातला, वर काळं झाकण फिरवलं, पान्याने आवळलं. इथवर सगळं पुस्तकात आहे तसं. मग तुम्ही पान्याच्या दांडीवर लोखंडी पाइप चढवलात, एक पाय बंपरवर रोवलात आणि 'हं!' असा हुंकार देऊन आणखी पाव फेरा दिलात. असा हुंकार मी तालमीत ऐकला आहे. पण तिथे समोर कुणीतरी पैलवान असतो. तुमच्यासमोर काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचं, वाटीएवढं एक झाकण होतं.

त्या झाकणाच्या माथ्यावर साच्यातूनच अक्षरं उमटलेली असतात. २५ एनएम. तुम्हाला तो पार्ट नंबर वाटला असेल, किंवा कारखान्याची काही खाजगी बाब. ती कंपनीने तुम्हाला लिहिलेली चिठ्ठी होती, साहेब. पंचवीस न्यूटन-मीटर. सोपं करून सांगतो, वर्गात सांगतो तसं. पाना पाव मीटर लांब धरला तर त्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगायचं, बस्स. पाइप जोडून तुम्ही दांडी पाऊण मीटरची केलीत. म्हणजे तिच्या टोकाला साडेतीन किलोसुद्धा जास्त झाले असते, एक मध्यम कलिंगड पुरलं असतं. तुम्ही स्वतः लटकलात. तुमचं वजन मी विचारत नाही, ते सभ्यपणाचं होणार नाही.

आता तुमचा मुद्दा मला माहीत आहे. तो तुम्ही तेव्हाच बोलून दाखवला होता. "सर, ढिलं राहिलं तर गळतंय. असं बसवलंय, हलणार बी नाही." यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं ठरलं. पहिल्याबद्दल मात्र बोलायला हवं. त्या झाकणाला खाली एक खाच असते आणि खाचेत रबराची गोल रिंग बसते. झाकण आत गेलं की ती रिंग, फिल्टर ज्या घरात बसतो त्याच्या गुळगुळीत भिंतीवर बाजूने दाबली जाते. तेल अडवते ती. झाकणाची कड टेकली की झाकणाचं काम संपलं, त्यापुढे कितीही आवळलं तरी रिंगवर गुंजभरही जास्त दाब येत नाही. येतो तो झाकणाच्या मानेवर, जिथून षटकोनी माथा वर निघतो तिथे. म्हणजे तुमचा तो पाव फेरा गळती थांबवण्यासाठी नव्हताच. तो गळतीची पेरणी होती.

पीक महिन्याभरात आलं. नळदुर्गाहून परतताना बॉनेटमधून करपल्याचा वास यायला लागला. सौ. म्हणाली, कुणाच्या तरी शेतात पाचट जाळताहेत. मीही मान डोलावली, कारण नवऱ्यांना असे वास पाचटाचेच असलेले परवडतात. महामार्ग सोडून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि समोर तेलाच्या झारीचा तांबडा दिवा लुकलुकला. तो दिवा पेटला की पुढचा पंप, पुढचं गाव, पुढचं झाड असलं काही बघायचं नसतं, इंजिन त्याच क्षणी बंद करायचं असतं. तेवढं मी केलं, म्हणून आज पत्र झाकणापुरतं आहे. एरवी ते इंजिनाच्या तेराव्याचं निमंत्रण झालं असतं. गाडी एका ओळखीच्या ट्रॅक्टरने ओढत अंगणात आणली. शहाबादी फरशीवर रात्रभरात जो नकाशा उमटला, तो अजून निघालेला नाही. धुण्याच्या सोड्याने घासून झालं, राखेने झालं.

इंजिन कुठलं तेही सांगतो. फियाटचं १.३ मल्टिजेट, १,२४८ सीसी. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार व्हायचं आणि या देशातल्या तीन-तीन कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं, इतकं की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ आलं आणि त्याचा इथला संसार आटोपला. म्हणजे गेलेल्या माणसाच्या वस्तू जपाव्यात तशी ही इंजिनं जपायची आहेत. आणि तुम्ही पाइप घेऊन उभे.

तुमची एक बाजू घेतो. जुन्या ट्रॅक्टरला, जुन्या जीपला फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबाच असतो, आख्खा फिरवून काढायचा, आख्खा फेकायचा. तुमचा हात त्यावर बसलेला. मोटारीला ऑइल फिल्टर असतो ही कल्पनाच मुळात शंभरेक वर्षांची, अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने १९२० च्या दशकात काढलेली. पत्र्याचा डबा १९५० च्या दशकातला. पुढे लोकांच्या लक्षात आलं की तेल प्यालेला पत्रा फेकायला फार वाईट, त्यापेक्षा घर कायमचं ठेवावं आणि आतला कागद तेवढा बदलावा. म्हणून कागद आला, कागदाबरोबर झाकण आलं आणि झाकणाबरोबर तुम्ही आलात. पण डब्यावरसुद्धा लिहिलेलं असतं की रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. हाताने. पाइप तिथेही नाही.

हे 'जेवढं घट्ट तेवढं पक्कं' खूळ तुमच्या एकट्याचं नाही, हेही कबूल करतो. या भागात आमच्या वाडवडिलांनी दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती बांधल्या, वर माळवद घातलं, दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा आणखी थर दिला. जड म्हणजे मजबूत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, चार वाजायच्या आत भूकंपाने ती सगळी मजबुती खाली आली. किल्लारी तिकडे लातूर जिल्ह्यात, पण आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरबद्दल विचारा कुणालाही. माझ्या झाकणाची त्याच्याशी तुलना करायला मी वेडा नाही. पण तुम्ही पाइप चढवलात तेव्हा मला उगाच आमचं जुनं माळवद आठवलं, एवढं खरं.

असो. ऑपरेशनकडे येतो. इंजिन थोडं कोमट करून (तेल वरून भरत, एक मिनिटभरच) मी पाना लावला, साधा, बिनपाइपाचा. षटकोनी माथा अलगद हातात आला. मान पान्यात, धड घरात. शेजारी जमलेल्यांनी इथे उपाय सुचवायला सुरुवात केली. एकाने दोन रंगांचा लगदा मळून थापायला सांगितलं. टाकीला चालतो, नळाला चालतो, मग गाडीला का नाही? कारण आत शंभर अंशांच्या आसपासचं तेल तीन-चार बारच्या दाबाने फिरतं आणि तेलकट नायलॉनला काहीही धरून राहत नाही. दुसऱ्याने छिन्नी-हातोडीचं नाव काढलं. त्याला मी चहा करायला पाठवलं.

पुतण्याने आणि मी फुटलेला घुमट चिमट्याने उचलला, आतला कागदी फिल्टर काढला आणि घराच्या तळाशी स्वच्छ फडकं कोंबलं, कारण नायलॉनचा एक कण आत गेला तर तो थेट बेअरिंगपर्यंत यात्रेला जातो. मग आट्यांना चिकटून बसलेलं कडं हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने आतून दोन जागी कापलं. ॲल्युमिनियमचे आटे लागायच्या आधी केसभर अलीकडे थांबायचं, हे लिहायला सोपं आहे. त्या केसभरासाठी पूर्ण दुपार गेली. शेवटी पकडीने कडं आतल्या बाजूला दुमडलं आणि ते 'टक्' करून सुटलं. पुतण्या नाचला. मी मास्तर असल्यामुळे नाचलो नाही, चष्मा पुसला. कडं निघाल्यावर खाचेत काय दिसावं? रिंग, पण कडक, चपटी, जुनीच. नव्या फिल्टरच्या खोक्यात नवी रिंग येते, साहेब. ती तुमच्या शेडात कुठेतरी पडली असेल. पोरांना खेळायला द्या.

नवं झाकण उमरग्यात मिळालं नाही. लातूरहून सांगून मागवलं, दुसऱ्या दिवशी आलं. तोवर फडकं काढून, जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेल्या मोठ्या सिरिंजने तळाचं तेल ओढून घर पुसून घेतलं. खालचं उरलेलं ऑइलही सोडून दिलं. नव्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावलं, खाचेत बसवली, झाकण कड टेकेपर्यंत हाताने फिरवलं. मोजून आवळायचा पाना माझ्याकडे नाही, गावात कुणाकडे असेल तर मला ठाऊक नाही. पण रद्दीवाल्याकडे स्प्रिंगचा काटा आहे. पान्याच्या दांडीवर झाकणाच्या मध्यापासून पंचवीस सेंटीमीटरवर खूण केली, तिथे काट्याचा आकडा अडकवला आणि काटकोनात ओढला. सात. आठ. नऊ. रद्दीवाला स्वतः वाचत होता, सवयीने त्याने 'दहाला जरा कमीच धरा' असंही म्हटलं. दहा. सोडलं. तुमचा हुंकार दिला नाही, गरजच पडली नाही. नवं ऑइल भरलं, गाडी चालू केली, झारीचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. पंधरा दिवस झाले, अंगणात नवा नकाशा उमटलेला नाही.

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. तुम्ही घणाने टोचलेत, आणि टोचले एकदाचे. पण पत्र संपवण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही सांगाल. त्या दिवशी तुम्ही पाना खाली ठेवला होता. काम झालं होतं. तेव्हा शेडच्या दारात उभं राहून कुणीतरी म्हणालं, "जरा घट्ट बसवा हो मिस्त्री, गळायला नको." ते म्हणणारा मीच. पाइप कुठे आहे हे तुम्ही शोधत होतात, तेव्हा तो टायरमागे पडलेला दाखवणाराही मीच. विज्ञानाचा मास्तर. वर चहासाठी पन्नास रुपये जास्त दिले.

ते पन्नास परत मागत नाही. या पाकिटात तुटलेला षटकोनी माथा पाठवतो आहे, त्यावरची अक्षरं उजेडात धरून वाचा. पुढच्या सर्व्हिसिंगला मी तुमच्याकडेच येईन, जवळपास दुसरं कुणी नाही. काटा मी घेऊन येईन. पाइप तुम्ही तेवढा त्या दिवशी कुलपात ठेवा, आणि मी दारात काही बोलायला लागलो तर ऐकू आलं नाही असं करा.

आपला,
पांढऱ्या गाडीवाला मास्तर
लोहारा, जि. धाराशिव